शेवटचं काय केलं होतं

“आधी भिंतीतलं बटण बघायचं. मग माणसाला विचारायचं, शेवटचं काय केलं होतं. आणि छोटे, असं विचारायचं की त्याला खोटं बोलावं लागू नये. कॉम्प्युटरची पेटी सगळ्यात शेवटी उघडायची.”

थोरल्या भावाचा, दादाचा हा आवाज ताईच्या कानात जसाच्या तसा होता. दुकानातल्या तिच्या पहिल्या दिवशी, तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेऊन त्यानं हे सांगितलं होतं. तिला तेव्हा हसू आलं होतं. आपण आलो कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकायला, आणि हा माणसांशी कसं बोलावं ते शिकवत बसलाय. त्याला आता बावीस वर्षं झाली.

दादा आत्ताही समोरच होता. खिडकीजवळच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेला. आवाज मात्र नव्हता. आठ महिन्यांपूर्वी त्याला झटका आला, उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. त्याच्याजवळ उरला होता एक ‘हं’ आणि डावा हात.

दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. दोन लांब टेबलं, भिंतीला लागून उघड्या पेट्यांची रांग, डब्यांमध्ये आकारवार लावलेले स्क्रू. मागच्या दारानं आत गेलं की स्वयंपाकघर. तिथं वहिनी, म्हणजे दादाची बायको. बाजूनं वर जाणारा लाकडी जिना, आणि वर ताईची खोली. ताईनं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसंही आता थकली होती. सकाळी अंघोळ करून देवाचं नाव घेतल्याशिवाय ती हत्याराला हात लावत नसे. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत, वहिनी ताई म्हणे. छोटी म्हणणारा एकच होता, आणि तो गप्प झाला होता.

दुकानाच्या कोपऱ्यात दादाचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. त्याच्यासमोर उंच दांडीवर माइक, कानाला लावायचे मोठे हेडफोन, आणि रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून भिंतीवर ठोकलेली जुनी गोधडी. रोज दुपारी दोन ते तीन दुकानाला कडी लावून दादा तिथं बसायचा आणि पुस्तक वाचायचा. मोठ्यानं, एका माणसासाठी.

तो माणूस म्हणजे टेलरकाका. चौथ्या घरात राहायचे. चाळीस वर्षं अख्ख्या रस्त्याचे कपडे शिवले आणि मग काचबिंदूनं डोळे नेले. त्यांना वाचनाचं भारी वेड. दादानं त्यांना शब्द दिला होता, “काका, समुद्रातल्या दीपगृहाची ती जाडजूड कादंबरी आहे ना, ती पूर्ण वाचून देईन. मधेच सोडणार नाही.” बावीस प्रकरणांतली एकवीस वाचून झाली होती. वाचताना खोकला आला, बाहेर भोंगा वाजला, जीभ अडखळली, की तो पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं बारीक टीप करायचा, ‘खोकला’, ‘भोंगा’, ‘पुन्हा वाच’. म्हणजे नंतर तेवढं कापून टाकता येतं. सगळं झालं की एकदम साफ करून देऊ, म्हणून काकांच्या हाती अजून काहीच पडलं नव्हतं. गिऱ्हाइकांना उठता-बसता “दोन ठिकाणी जपून ठेवा” असं बजावणाऱ्या दादानं स्वतःचं वाचन मात्र एकाच ठिकाणी ठेवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

झटक्यानंतर ताईनं त्या कोपऱ्याला हात लावला नव्हता. धीरच झाला नव्हता.

सोमवारी सकाळी टेलरकाका काठी ठोकत ठोकत दारात आले.

“ताई, शनिवारी लेक न्यायला येतेय मला. कायमची. एकटं ठेवत नाही म्हणते.” ते दारातल्या स्टुलावर टेकले आणि खिडकीच्या रोखानं मान वळवली. “काय रे, कसा आहेस?”

“हं,” दादा म्हणाला.

“बरं आहे. माझ्यापेक्षा बरं आहे. तुला दिसतं तरी.” काका हसले, मग गंभीर झाले. “ताई, ते पुस्तक. जेवढं झालं असेल तेवढं मला दे बाई. दीपगृहवाल्याची ती बायको तिथं एकटी अडकलीय, एवढंच यानं येता-जाता सांगून ठेवलंय. ती जगली का मेली ते कळल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊन झोप लागायची नाही मला.”

“एक प्रकरण वाचायचं राहिलंय, काका.”

“मग दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालेल. आवाज बदलला तर बदलला. फक्त गाळू नका. मी टेलर आहे. कापड कमी भरलं की हाताला कळतं.”

“शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण देते,” ताई म्हणाली. म्हणताना तिनं दादाकडे पाहिलं. त्याचे डोळे तिच्यावरच होते.

काका गेल्यावर तिनं कोपऱ्यातलं बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर चिन्ह आलं, त्याखाली ठिपके गोल फिरू लागले, आणि मग पडदा काळा झाला. पुन्हा पंखा, पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा काळं. एखादं माणूस दारापर्यंत येऊन, काही आठवून, परत फिरावं तसं.

दादाचा आवाज या जगात त्या पेटीशिवाय कुठंच नव्हता. लग्नकार्याच्या चित्रफितीतसुद्धा नाही. तिथं तो नेहमी कॅमेऱ्यामागे असायचा.

तिनं सवयीनं भिंतीतलं बटण बघितलं. चालू होतं. मग तिनं आत हाक मारली.

“वहिनी, दादाच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला होता?”

वहिनी भाजी चिरता चिरता विळी बाजूला ठेवून दारात आली. पदराला हात पुसले. “मी कशाला हात लावू? फडकंसुद्धा लांबून मारते.”

“बरं.”

वहिनी क्षणभर तिथंच थांबली, मग आत गेली. विळीचा आवाज लगेच सुरू झाला नाही. ताईचं तिकडं लक्ष नव्हतं.

मग पेटी उघडणं आलं. तिनं रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या, फुंकर मारून परत बसवल्या आणि बटण दाबलं. चिन्ह, ठिपके, काळं. एकच पट्टी ठेवून पाहिली. दुसरी ठेवून पाहिली. दुसऱ्या मशीनचा पॉवर सप्लाय काढून लावला. केबल बदलली. एक बदल, एकदा बटण. पुन्हा एक बदल, पुन्हा बटण. ही शिस्तही दादाचीच होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर रोग कुठला ते कळत नाही.

बटण दाबलं की दादाचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायचा. थप, थप.

“असू दे दादा. जपून करतेय. एक स्क्रू हरवणार नाही,” ताई म्हणायची. तिला वाटायचं, आपल्या मशीनला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला आवडत नाहीये. कधीच आवडायचं नाही. एकदा तिनं त्याच्या माऊसवरची धूळ पुसली होती तर दोन दिवस तो “कर्सर घसरतो” म्हणून कुरकुरत होता.

थप, थप, थप.

मंगळवारही असाच गेला. एका बाईचा प्रिंटर आणि एका वकिलाचा लॅपटॉप ताईनं उद्यावर ढकलला. दुपारनंतर तिला पेटीतून एक नवा आवाज ऐकू आला. टिक. थोडं थांबून, टिक. तिनं कान लावला. हार्ड डिस्क. ज्या चकतीवर सगळं लिहिलेलं असतं ती.

चुकत होतं कुठं? आठ महिने कुणी हात न लावलेलं मशीन. धूळ खाल्ली म्हणावं, तर बटणावर धुळीचा कण नव्हता.

तिनं थांबून पुन्हा पाहिलं. पेटीच्या डोक्यावर धूळ होती. मॉनिटरच्या मागे होती. बटणावर नव्हती.

बुधवारी सकाळी तिनं माइकची दांडी बाजूला करताना हेडफोन उचलले. त्याची पट्टी दादाच्या डोक्याला पुरेल एवढी ओढलेली असायची. ती आता अगदी आत सरकवलेली होती. लहान डोक्यासाठी. आणि बिजागरीत एक केस अडकला होता. लांब, अर्धा काळा, अर्धा पांढरा. दादाच्या डोक्यावर तर केस औषधालाही नव्हते. ताईचे मानेवर कापलेले.

ती बराच वेळ तो केस बोटांत धरून उभी राहिली. पहिल्यांदा राग आला. दोन दिवस मी इथं मरतेय, आणि हिनं साधं सांगू नये? फडकंसुद्धा लांबून मारते म्हणाली.

मग दादाचा आवाज आला. ‘असं विचारायचं की त्याला खोटं बोलावं लागू नये.’

सोमवारी आपण काय विचारलं होतं, ते तिनं आठवून पाहिलं. कुणी हात लावला होता. शेवटचं काय केलं, असं नव्हतंच विचारलं. चोर शोधायला निघाल्यासारखं विचारलं होतं. आणि असं विचारलं की घरात चोरच सापडतो, खरं सापडत नाही.

गिऱ्हाईक घाबरलेलं असलं की दादा आधी स्वतःची चूक सांगायचा. “माझ्या हातून तर एकदा पाण्याचा अख्खा तांब्या कीबोर्डवर गेला होता,” म्हणायचा. तो तांब्या कधी सांडला होता का, देव जाणे. पण ऐकून समोरचा माणूस खुर्चीत मागे टेकायचा आणि सगळं सांगायचा.

ताई स्वयंपाकघरात गेली. वहिनी पाटावर बसून मटार सोलत होती. ताई शेजारी जमिनीवर बसली आणि मूठभर शेंगा आपल्यापुढे ओढल्या. थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या.

“वहिनी, मी सोमवारी तुम्हाला वेडंवाकडं विचारलं.”

वहिनीनं पुढची शेंग घेतली.

“आणि त्याहून मोठी चूक पुढं केली. तेवीस वेळा चालू-बंद केलं त्याला. आतली डिस्क दुखावलेली असेल तर प्रत्येक वेळी तिला आणखी लागलं असणार. दादा हात आपटून सांगत होता, थांब. मला वाटलं, मशीनसाठी जीव तुटतोय त्याचा. बावीस वर्षं त्याच्या हाताखाली काढली आणि त्याचा हात वाचता आला नाही मला.”

वहिनीच्या हातातली शेंग उघडली आणि तशीच राहिली.

“तेवीस तुमची,” ती हळूच म्हणाली. “माझी धरली तर आणखी पाच-सहा.”

ताई सोलत राहिली. वर पाहिलं नाही.

“त्यांना दवाखान्यातून घरी आणलं ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. दुपारी तुम्ही वर पाठ टेकायला जाता तेव्हा. चालू कसं करायचं ते मला यायचं. रोज दुपारी ते बसायचे ते बघून बघून शिकले होते. बंद करताना कधी बघितलंच नाही. तोवर मी चहा टाकायला आत आलेली असायची.” तिनं हातातली शेंग बाजूला ठेवली. “तुमची पावलं जिन्यावर वाजली की मी भिंतीतलं बटण खाली करायची. रोज. नेमच झाला होता म्हणा. पंधरा दिवसांपूर्वी असंच बटण केलं, आणि दुसऱ्या दिवशी ते चालूच होईना. मी पाच-सहा वेळा दाबून बघितलं. मग सोडून दिलं.”

“दादाला माहीत होतं?”

“ते तिथंच बसलेले असायचे की. कानाला ते लावून ऐकायची मी. त्यांना ऐकू जायला नको म्हणून. आपलाच आवाज ऐकून माणसाला काय वाटेल, आपला आवाज गेल्यावर?”

“मला का नाही सांगितलंत, वहिनी?”

वहिनीनं मटारचे दाणे ताटात एका बाजूला लोटले. “काय सांगू? नवरा समोर जिवंत बसलाय आणि ही बाई पेटीतला नवरा ऐकतेय. तुम्ही काही बोलला नसता. पण मलाच ते बरं वाटत नव्हतं. वाटत नव्हतं, आणि राहवतही नव्हतं.”

ताईचे डोळे भरून आले. तिनं एक शेंग उगाच दोनदा सोलली.

“चला,” ती उठत म्हणाली. “आता त्याला चालू करायचं नाही. एकदाही नाही.”

बाहेर येऊन तिनं भिंतीतून वायर काढली आणि दादाला दाखवली. दादाचा डावा हात दांड्यावर सपाट पडला, शांत. “हं,” तो म्हणाला. मग त्यानं दाराकडं पाहिलं. तिथं वहिनी उभी होती, खाली मान घालून. दादानं हाताची दोन बोटं उचलली आणि तिला जवळ बोलावलं. ती गेली. त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला. थप. अगदी हळू. एकदाच. वहिनी तिथंच त्याच्या खुर्चीला टेकून खाली बसली. ताईनं स्क्रूच्या डब्यांकडं तोंड केलं आणि उगाच झाकणं लावत राहिली.

गुरुवारी सकाळी देवापुढं ती रोजच्यापेक्षा थोडी जास्त वेळ बसली. मागितलं काही नाही. हात स्थिर राहू दे, एवढंच म्हणाली. मग खाली येऊन तिनं डिस्क पेटीतून काढली, मऊ फडक्यावर ठेवली आणि दुकानाच्या मशीनला बाहेरून जोडली. असं जोडलं की डिस्कला स्वतः उठून सगळा संसार चालवावा लागत नाही. आडवं पडल्या पडल्या विचारलं तेवढं सांगायचं. ‘आधी माल वाचव, मशीन मग,’ हेही दादाचंच.

टिक. थोडं थांबून, टिक. आणि मग पडद्यावर यादी आली. एकापासून एकवीसपर्यंत.

“आलं,” जवळ कुणी झोपलेलं असावं तशी ताई कुजबुजली. “पण वहिनी, ही दमलीय. किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. एकेक काढू. आधी कुठलं काढू सांगा. तुम्हाला हवं ते सांगा.”

वहिनीनं यादीकडं पाहिलं. तिचे ओठ हलले, मग मिटले.

“पहिल्यापासून घ्या,” ती म्हणाली. “ओळीनं. काकांना शब्द दिलाय यांनी.”

ताईनं ओळीनं घेतलं. एकेका प्रकरणाला कधी पाच मिनिटं लागायची, कधी अर्धा तास. पहिलं पूर्ण आल्यावर ते नीट आलंय का बघायला तिनं स्पीकर लावला. हात थोडा थांबला, तिनं दादाकडं पाहिलं. दादानं मान डोलावली.

“प्रकरण पहिलं,” दादाचा आवाज खोलीत आला. भरदार, थोडा नाकातला. “त्या खडकावर माणसानं घर बांधावं असं काहीच नव्हतं...”

दादानं डोळे मिटले. खुर्चीच्या दांड्यावर त्याचं बोट वाक्यागणिक टेकत होतं, स्वल्पविरामाला हलकं, पूर्णविरामाला घट्ट. एका ठिकाणी आवाज अडखळला, आणि त्याच्या आधीच त्याचं बोट थांबलं होतं. ताईनं पुढं ऐकवलं नाही. पुढच्या प्रकरणाला लागली.

दुपारी कुणी पाठ टेकली नाही. वहिनीनं तिथंच ताटं आणली. नऊ, दहा, अकरा. एक गिऱ्हाईक आलं तर ताईनं दारातूनच सांगितलं, “उद्या या, आज घरात आजारी माणूस आहे.” वहिनी आतून म्हणाली, “खोटं नाही काही. डिस्कही माणसागतच कण्हतेय.” आठवड्यात पहिल्यांदा दोघी हसल्या.

सोळावं आलं. सतराव्याला डिस्क अडली. टिक, टिक, टिक, मग घरघर, मग काहीच नाही. ताईनं ते तसंच सोडलं आणि पुढचं मागितलं. अठरावं आलं. एकोणीस, वीस, एकवीस. मग तिनं पुन्हा सतरा मागितलं. पुन्हा. डिस्क थंड होऊ दिली, अर्ध्या तासानं पुन्हा. दिवेलागणीला शेवटची एक लांब घरघर झाली आणि पडद्यावरून यादीच नाहीशी झाली.

“गेलं,” ताई म्हणाली. “वाचत असताना वीज तुटली की कधी कधी वाचणारं टोक तिथल्या तिथं आपटतं. ओरखडा पडतो. तेवढंच गेलंय, वहिनी. एकविसातलं एक. बाकी सगळा दादा आलाय.”

उत्तर आलं नाही म्हणून तिनं मान वळवली. वहिनी ताठ बसली होती, हात मांडीत घट्ट धरलेले.

“काय झालं?”

“काही नाही.”

ताईनं यावेळी विचारलं नाही. ती फक्त खुर्ची ओढून जवळ बसली आणि थांबून राहिली. दादाही त्या दोघींकडं पाहत थांबला होता.

“सतराव्यात दूध उतू जातं,” वहिनी अखेर म्हणाली.

“कादंबरीत?”

“नाही हो. आपल्याकडं. ते वाचत होते, आणि मी दूध ठेवून दाराशी ऐकत उभी. दीपगृहाची ती बायको नवऱ्याची होडी दिसते का ते बघायला जिने चढते, ते चाललं होतं. मी हरवले त्यात. मागून चर्र झालं तेव्हा भान आलं. तर हे वाचता वाचता म्हणाले, ‘अगं ए, दूध बघ, दूध. लक्ष कुठं आहे तुझं? माझंच ऐकत बसलीस होय?’ आणि हसले. म्हणाले, ‘ऐक, ऐक. दूध काय, उद्याही मिळेल.’ आणि मग पुन्हा पुढं वाचायला लागले. नंतर कापणार होते तेवढं. राहून गेलं.” तिनं नाक पदरानं पुसलं. “मी रोज तेवढंच ऐकायची, ताई. अख्खं पुस्तक कुठं ऐकतेय. ‘अगं ए’ पासून ‘उद्याही मिळेल’ पर्यंत. पुन्हा मागं न्यायची, पुन्हा ऐकायची.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“सकाळी विचारलं तेव्हा सांगायचंत, वहिनी. आधी तेच काढलं असतं.”

“आलं असतं?”

ताईनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. “कुणास ठाऊक. आलंही असतं. नसतंही.”

“मग राहू दे. शब्द त्यांनी दिला होता काकांना. दूध माझ्या एकटीचं होतं.”

दादाच्या घशातून आवाज आला. ‘हं’ नव्हता तो. त्याहून लांब, वाकडातिकडा, वर जाऊन तुटणारा. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, मानेची शीर तट्ट फुगली. “अ,” तो म्हणाला. “अ...ए.”

वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं. मग उठून तिनं त्याच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली, शाल नीट केली. “ऐकलं,” ती म्हणाली. “ऐकलं हो. दमू नका.”

शुक्रवारी सकाळी ताईनं एकविसातली वीस प्रकरणं दोन ठिकाणी उतरवून ठेवली, आणि तिसऱ्या ठिकाणी काकांसाठी. शेवटचं, बाविसावं, तिनं स्वतः पहाटे दोनदा मनात वाचून ठेवलं होतं. दुपारी माइकपुढं बसून वाचायचं होतं. सतराव्याचं काय करायचं ते ती बोलली नव्हती. दोन्ही आपणच वाचू, असं तिच्या मनात होतं.

दोन वाजता वहिनी बाहेर आली. केस विंचरून घट्ट बांधले होते, हातात कादंबरी होती.

“सतरावं मी वाचते,” ती म्हणाली. “काका म्हणाले ना, गाळायचं नाही. मला अडखळायला होईल. पण ते कुठं थांबायचे, कुठं श्वास घ्यायचे, ते मला ठाऊक आहे.”

ताईनं नवी डिस्क बसवलेलं दादाचं मशीन सुरू केलं. चिन्ह आलं, ठिपके फिरले, आणि यावेळी पडदा उजळला. तिनं खुर्ची पुढं ओढून दिली, माइक वहिनीच्या तोंडाशी खाली केला. “हे लाल दाबलं की सुरू होतं.”

“ते नंतर. आधी मला बंद कसं करायचं ते शिकवा.”

ताईनं शिकवलं. इथं जायचं, हे दाबायचं, मग वाट बघायची, पडदा आपण होऊन काळा होईपर्यंत. भिंतीतलं बटण सगळ्यात शेवटी. वहिनीनं एकदा करून दाखवलं, मग पुन्हा एकदा. दादा बोट दांड्यावर टेकवून मोजत होता.

मग वहिनीनं सतरावं प्रकरण उघडलं. पानं उलटत ती जिने चढणाऱ्या बाईपाशी आली आणि थांबली. समासात पेन्सिलीनं, दादाच्या बारीक उभट अक्षरात, एकच शब्द होता. ‘दूध’.

तिनं त्यावर अंगठा फिरवला नाही, पुसलं जाईल म्हणून. नुसतं पाहिलं. पान दादापुढं धरलं, त्यानंही पाहिलं.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली. आतून पातेलं ठेवल्याचा आणि मग गॅस पेटल्याचा आवाज आला. परत येऊन तिनं दुकानाच्या दाराला कडी घातली, खुर्चीत बसली, पदर सावरला, आणि लाल बटणाकडं बोट नेलं.